नोंदीतील रिकामी जागा

१९०५ साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाकडे तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने ग्रंथलिपीत लिहिलेली ताडपत्रांची एक पोथी आणि तिच्यावरील टीकेचा त्रुटित भाग सुपूर्द केला. ग्रंथालयाचे ग्रंथपाल रुद्रपट्टण शामशास्त्री यांनी ती पोथी वाचली, आणि जो ग्रंथ तोवर इतरांनी केलेल्या उल्लेखांवरूनच ठाऊक होता तो कौटिल्याचा अर्थशास्त्र हाच, हे ओळखले. १९०९ मध्ये त्यांनी मूळ पाठ छापला; १९१५ मध्ये इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. प्राचीन भारताच्या राज्यव्यवहाराविषयीच्या साऱ्या समजुती त्यानंतर नव्याने तपासाव्या लागल्या.

ही हकीकत नेहमी शोधाची हकीकत म्हणून सांगितली जाते. पोथी 'सापडली' असे म्हटले की ती हरवलेली होती हे आपोआप गृहीत धरले जाते. वस्तुतः ज्या घरात ती होती त्या घराच्या लेखी ती हरवलेली नव्हती. ती कुठल्या यादीत नव्हती, एवढेच. ग्रंथ असणे आणि ग्रंथ हाताशी असणे ह्यांमधील हे अंतर ज्या कामाने भरून निघते ते काम नोंदीचे, वर्गीकरणाचे आणि पाठ सांभाळण्याचे असते. ते साहित्याच्या इतिहासात फारसे दिसत नाही. त्याचा मोठेपणा ते झालेले नसेल तेव्हाच कळतो.

आज प्रकाशनसंस्थांमध्ये आणि दस्तऐवज तयार करणाऱ्या विभागांमध्ये ह्याच कामाला 'कंटेंट मॅनेजमेंट' म्हणतात. मजकूर एकाच ठिकाणी ठेवावा, त्याचे लहान घटक पाडावेत, प्रत्येक घटकाला नाव व खूण द्यावी, कोणी केव्हा काय बदलले ते नोंदवावे, आणि तोच घटक पुस्तकात, पुस्तिकेत वा पडद्यावर हवा तेव्हा वापरता यावा, अशी ही व्यवस्था आहे. ती आणणाऱ्या संस्थांचा अनुभव बहुधा सारखाच असतो. यंत्र आणि प्रणाली खरेदी करणे सोपे जाते. एकाच गोष्टीला सर्वांनी एकच नाव द्यायचे, आपण केलेल्या दुरुस्तीखाली आपले नाव लिहायचे, दुसऱ्याच्या मजकुरावर परस्पर हात चालवायचा नाही, ह्या गोष्टी मात्र कोणत्याही यंत्राबरोबर येत नाहीत. विस्कळीत कपाट संगणकात ठेवले तरी विस्कळीतच राहते. फक्त ते डोळ्यांआड होते.

म्हैसूरच्या त्या ताडपत्रांवर जे लिहिले होते ते ह्या विषयाला किती जवळचे आहे हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. अर्थशास्त्राचे दुसरे अधिकरण अक्षपटलाचे, म्हणजे राज्याच्या नोंदी व हिशेब ठेवणाऱ्या कचेरीचे वर्णन करते. ह्या इमारतीचे तोंड कोणत्या दिशेला असावे, लेखकांच्या बैठका वेगवेगळ्या असाव्यात, नोंदवह्यांना ठरलेली जागा असावी, इथपासून आषाढात सर्व हिशेबनिसांनी मोहोरबंद वह्यांसह हजर व्हावे, इथपर्यंत तपशील त्यात आहेत. त्याच अधिकरणातील राजशासनाचे प्रकरण लेखनाचे सहा गुण सांगते: अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व. दोष पाच आहेत: अकान्ती, व्याघात, पुनरुक्त, अपशब्द आणि संप्लव. ह्यांतील संप्लव विशेष मननीय आहे. मजकूर जेथे तोडू नये तेथे तोडणे आणि जेथे तोडावा तेथे न तोडणे, हा तो दोष. आजच्या संपादन विभागात मजकुराचे घटक पाडताना होणारी बहुतेक भांडणे ह्या एका शब्दात सामावतात.

ग्रंथाची स्वतःची बांधणीही तितकीच सावध आहे. पहिलाच अध्याय अनुक्रमणिकेचा आहे, आणि त्यात ग्रंथाचे मोजमाप दिले आहे: १५ अधिकरणे, १५० अध्याय, १८० प्रकरणे आणि ६००० श्लोकांएवढा मजकूर. अध्याय आणि प्रकरण ह्या दोन वेगळ्या वाटण्या आहेत. प्रकरण विषयानुसार पडते, अध्याय वाचनाच्या सोयीनुसार. म्हणून एका अध्यायात कधी दोन-तीन प्रकरणे येतात, तर एखादे प्रकरण अनेक अध्यायांवर पसरते. एकच आशय दोन रचनांमध्ये बसू शकतो, आणि एका रचनेने दुसरीला मोडायचे नसते, हे तत्त्व येथे प्रत्यक्ष वापरलेले आहे. शेवटचे अधिकरण ३२ तंत्रयुक्तींचे, म्हणजे शास्त्रग्रंथ रचण्याच्या साधनांचे आहे. मागे सांगितलेल्याकडे बोट दाखवणे आणि पुढे सांगायच्याकडे बोट दाखवणे ही त्यांतली दोन स्वतंत्र साधने आहेत. तेच पुन्हा लिहू नये, जेथे लिहिले आहे तेथे वाचकाला पाठवावे, हा त्यामागचा हेतू.

आरंभी दिलेल्या मोजमापाचा उपयोग पुढे अनपेक्षित रीतीने झाला. उपलब्ध पाठ मोजला तर तो ६००० श्लोकांपेक्षा बराच कमी भरतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५८ मध्ये ह्या तुटीची चिकित्सा केली आणि मजकुराचा काही भाग वाटेत गळाला असावा असे प्रतिपादन केले. त्या निष्कर्षाविषयी मतभेद होऊ शकतात. पण आकडा नसता तर मतभेदालाही जागा उरली नसती. काय नाहीसे झाले हे कळायला काय होते ह्याची नोंद लागते.

पाठ सांभाळण्याचा दुसरा धडा मराठी जगाला अधिक परिचित आहे. शामशास्त्रींनंतर त्रिवेंद्रमहून गणपतिशास्त्री यांची आवृत्ती निघाली, गुजरातेतील पाटणच्या जैन भांडारातून एक खंडित ताडपत्र पोथी उजेडात आली, आणि ह्या साऱ्या साधनांच्या आधारे प्राध्यापक कंगले यांची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० मध्ये प्रसिद्ध केली. भाषांतर १९६३ मध्ये आले, अभ्यास १९६५ मध्ये. ह्या आवृत्तीत शामशास्त्रींचा पाठ पुसला गेला नाही. जेथे तो नाकारला तेथेही तळटीपेत त्याला जागा मिळाली. आधीच्या माणसाचे काम सुधारणे आणि ते नाहीसे करणे ह्यांतील भेद इतक्या साध्या रीतीने पाळला जातो. उद्या एखादी नवी पोथी मिळाली तर कंगल्यांचा निर्णयही पुन्हा तपासता येईल, कारण तो कशावरून घेतला हे त्यांनी वाचकाच्या हाती ठेवले आहे.

पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या हाती ते १९२५ मध्ये आले. पाठभेद टिपण्यासाठी जे तक्ते वापरले जात त्यांत वरच्या ओळीत प्रमाण श्लोक लिहिलेला असे, आणि खाली प्रत्येक अक्षरासाठी एक चौकोन. शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतील पोथ्या त्या एकाच चौकटीत उतरत. काही लिप्यांचे काम शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही चाले. तरीही पुण्याला येणारा तक्ता वाचता येई, कारण चौकोनाचा अर्थ सर्वांनी एकच मानला होता. साधन कागद आणि शाई एवढेच. प्रणाली होती ती माणसांमधील करारात.

पुन्हा म्हैसूरकडे वळले तर तेथे ह्याच प्रश्नाचे आधुनिक रूप भेटते. भारतीय भाषा संस्थान १९६९ मध्ये ह्याच शहरात स्थापन झाले. १९९१ मध्ये भारतीय भाषांचे संगणकीय मजकूरसंग्रह तयार करण्याचे काम देशात सुरू झाले आणि प्रत्येक भाषेसाठी सुमारे ३० लाख शब्दांचे उद्दिष्ट ठेवले गेले. हे संस्थान त्या कामाच्या प्रमुख केंद्रांपैकी एक होते. नेमक्या त्याच दशकात मराठी मुद्रण खिळ्यांकडून संगणकाकडे वळत होते. प्रत्येक अक्षरजुळणी प्रणालीचा फाँट निराळा आणि त्यामागील सांकेतिक क्रमही निराळा. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये मान्य झाले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. पण छापखान्यांनी बराच काळ आपापल्या फाँटचीच कास धरली. परिणामी तेव्हा जुळवलेली असंख्य पुस्तके कागदावर सुवाच्य आहेत, आणि त्यांच्या संगणकीय प्रती, जेथे उरल्या आहेत तेथे, नव्या यंत्रावर अर्थहीन चिन्हांच्या ओळी दाखवतात. आशय दिसण्याशी बांधला की दिसणे बदलताच आशय जातो. वाळवीला ताडपत्र खायला जितका काळ लागतो त्याहून कितीतरी कमी काळात हे घडले.

प्रमाण आल्यानेही सगळे सुटले नाही. 'दऱ्या' ह्या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही शब्द एकच, यंत्राला दोन. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग हा फरक मराठी लेखणीने जपला आहे. पण एका संकेताने शोधणाऱ्याला दुसऱ्या संकेतातील सह्याद्रीच्या दऱ्या सापडत नाहीत. ग्रंथ संग्रहात असूनही न सापडण्याची ही नवी तऱ्हा आहे.

ह्या साऱ्या शिस्तीला एक धोकाही जोडलेला आहे, आणि तो नजरेआड करता येत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशासाठी ग्रंथांतून शब्द वेचले गेले आणि चिठ्ठ्यांची संख्या सुमारे एक कोटीवर गेली. शब्द वाक्यातून सुटून चिठ्ठीवर आला की तो हवा तेथे लावता येतो, आणि तेथेच तो पोरका होण्याची भीती असते. कोशकारांनी ती भीती ओळखली होती; म्हणून चिठ्ठीवर शब्दाबरोबर त्याचे वाक्य आणि वाक्याचा पत्ता असतो. आजचा मजकूर-घटक पुष्कळदा हा पत्ता न घेताच प्रवास करतो. कथेतील परिच्छेद पाठ्यपुस्तकात जातो, तेथून प्रश्नपत्रिकेत, आणि प्रत्येक मुक्कामी त्याच्यामागचा लेखक थोडा अधिक पुसट होत जातो. पुनर्वापर ही सोय आहे. उगम सांगणे हे ऋण आहे.

आणि येथे पुन्हा तो पंडित आठवतो. शामशास्त्रींसारख्या काटेकोर विद्वानाच्या प्रस्तावनेत त्याचा उल्लेख तंजावर जिल्ह्यातील एक पंडित एवढाच आहे. पोथी कोणत्या घरातली, ती कशावरून उतरवली, तिच्या जोडीला आणखी काय होते, हे त्या उल्लेखावरून कळत नाही. पुढील सगळी चिकित्सा, तीन-चार आवृत्त्या, पाठांच्या वंशावळी ह्यांना त्या रिकाम्या जागेपाशी येऊन थांबावे लागते. ग्रंथालयाने पोथी जपली, तिला तेल लावले, छापली, जगाला दिली. एका ओळीची नोंद मात्र राहून गेली, आणि ती आता कोणत्याही साधनाने भरता येणार नाही.

म्हैसुरात आणि इतरत्र आज पोथ्यांची संगणकीय छायाचित्रे घेतली जात आहेत. प्रत्येक छायाचित्राबरोबर एक तक्ता भरायचा असतो: ग्रंथाचे नाव, लिपी, पत्रांची संख्या, आणि बहुधा शेवटी, पोथी कोणी दिली, कोठून आली. काम करणारा थकलेला असतो आणि उरलेला गठ्ठा मोठा असतो. तो शेवटचा रकाना भरला जातो की नाही, ह्यावर शंभर वर्षांनंतरच्या एखाद्या अभ्यासकाचे काम अवलंबून आहे.