परतलेल्याची शिदोरी

परमुलखातून परतणारा माणूस रिकाम्या हातांनी येत नाही. मात्र त्याने आणलेले सगळेच काही ट्रंकेत मावणारे नसते. असे एक न मावणारे सामान मी गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत, पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात, चक्क बशीत वाढलेले पाहिले.

त्याचे नाव फ्रांसेझिन्या; म्हणजे 'छोटीशी फ्रेंच बाई'. नाव नाजूक, पण प्रकृती पहिलवानाची! पावाच्या जाड कापांमध्ये हॅम, दोन तऱ्हांचे सॉसेज आणि मांसाचा भाजलेला तुकडा. वर वितळलेल्या चीजची दुलई, तिच्यावर पुष्कळदा तळलेले अंडे, आणि या साऱ्यांना न्हाऊ घालणारा टोमॅटो-बिअरचा गरम, तिखट रस्सा. शेजारी बटाट्याच्या तळलेल्या फोडी. हाताने उचलायची सोयच नाही. सुरीकाटा घेऊन झुंजावे लागते.

दानियेल दा सिल्वा नावाचा माणूस फ्रान्समध्ये काम करून पोर्तोला आला आणि १९५०च्या दशकात 'रेगालेरा' या उपाहारगृहात त्याने हा पदार्थ रचला. तिकडे 'क्रोक-मस्यू' त्याच्या परिचयाचा झाला होता. हॅम आणि चीज घालून भाजलेला तो पाव सभ्य, पण कोरडा. दानियेलने त्याला आपल्या मुलखाचे सॉसेज दिले, रस्सा दिला, तिखट दिले. फ्रान्सचे उरले ते नावापुरते! आज पोर्तोत प्रत्येकाचा रस्सा निराळा, आणि त्याची कृती ज्याची त्याने जपलेली.

याच शहरात माझा भाचा नोकरीला आहे. "तो तिकडचाच होऊन जाईल रे," असे ताई दर दिवाळीला म्हणते, आणि घरची चव विसरू नये म्हणून त्याला बटाट्याचा चिवडा धाडते. परवा डबा भरताना मी तिला सांगितले, की यातला बटाटा, काजू आणि मिरची ही तिन्ही पोर्तुगीजांच्या गलबतांतूनच आपल्याकडे आली. 'बटाटा' हा शब्दसुद्धा त्यांचाच. ताई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "असेल. पण कढीपत्त्याची फोडणी कुणाची?"

दानियेलला हा प्रश्न नक्की आवडला असता. गोवेकरांनीही पोर्तुगीज सॉसेजला माडाचे व्हिनेगर आणि लाल मिरची लावून आपले चोरीस केलेच की! भाचा परत येईल की नाही, कोण सांगणार? पण आला, तर काहीतरी परके घेऊनच येईल. येऊ दे. आमच्या ताईची फोडणी तयार आहे.