तीन आठवड्यांचं देणं

आमच्या आत्याच्या कमरेला चंची असायची. पान, सुपारी, चुन्याची डबी, दोन लवंगा. 1996 च्या हिवाळ्यात त्या चंचीत इमिप्रामिन या नैराश्यावरच्या औषधाच्या गोळ्यांची पट्टी आली.

वरवंडला आमचा ऊस. मुठेच्या कालव्याची पाळी आली की आत्याचे भाऊ, आमचे दादा, रात्री दोनलासुद्धा दारं धरायला निघायचे. त्या वर्षी पाळी आली आणि गेली, दादा उठलेच नाहीत. गोठ्याशेजारच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ताटातली भाकरी तशीच परत यायची. भावकीतले म्हणाले, बाहेरचं झालंय. उतारा झाला, अंगारा झाला. शेवटी आत्याने त्यांना एसटीत बसवून पुण्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं.

डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. गुण यायला तीनेक आठवडे लागतील, तोवर गोळी बंद करायची नाही. गोळ्या पेशंटच्या हाती द्यायच्या नाहीत. आणि त्यांना एकटं सोडायचं नाही. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने तिन्ही गोष्टी मनात धरल्या. गोळ्या चंचीत ठेवल्या आणि दिलेल्या प्रत्येक दिवसाला कालनिर्णयवर कुंकवाचं बोट लावलं.

आठव्या बोटाला मी, बारावीत शिकणारा शहाणा, तिला म्हणालो, "आत्या, फरक काहीच नाही. नुसतं तोंड कोरडं पडतंय त्यांचं. बंद करू."

ती म्हणाली, "उसाची कांडी लावून आठव्या दिवशी कुणी उकरून बघतं का रे?"

ती रोज दादांच्या खोलीच्या उंबऱ्यात ज्वारी पाखडत बसायची. बोलायची नाही, नुसती असायची. एकोणिसाव्या बोटाच्या दिवशी आतून आवाज आला, "अक्का, पाटाला पाणी सुटलं का गं?" आत्याने सूप खाली ठेवलं. "सुटलंय. आपली पाळी परवा आहे."

पुढे मी फार्मसी शिकलो, गावात मेडिकल टाकलं. औषधाची माहिती मिळाली तसा एक प्रश्न पक्का होत गेला. मेंदूतल्या पेशी सिरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही निरोप नेणारी रसायनं परत शोषून घेतात, ते इमिप्रामिन रोखतं. हे काम काही तासांतच सुरू होतं. मग माणूस उठायला आठवडे का लागतात?

या प्रश्नाच्या वाटेवर मला नागपूर भेटलं. तिथल्या विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात निशिकांत सुभेदार, दादासाहेब कोकरे आणि त्यांचे विद्यार्थी न्यूरोपेप्टाइडांवर काम करत होते. न्यूरोपेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. सिरोटोनिनसारखीच तीही पेशीपेशींत निरोप नेते, पण तिचा परिणाम सावकाश आणि लांबवर होतो. त्यातलं न्यूरोपेप्टाइड वाय 36 अमिनो आम्लांचं. 1982 मध्ये स्टॉकहोमला तातेमोतो आणि मुट यांनी ते डुकराच्या मेंदूतून वेगळं केलं होतं.

नागपूरच्या गटाचा निबंध 2009 मध्ये 'ब्रेन रिसर्च'मध्ये आला. मेंदूतला वासाचा कंद काढलेले उंदीर नैराश्याचा नमुना म्हणून वापरतात. ते मोकळ्या जागेत सैरभैर पळतात. औषधाच्या एका डोसाने त्यांच्यात फरक पडत नाही, रोज दिलं तर दोनेक आठवड्यांनी पडतो. या उंदरांना न्यूरोपेप्टाइड वाय दिलं तेव्हा इमिप्रामिनचा गुण वाढला. त्या पेप्टाइडाचा वाय-1 हा ग्राही (रिसेप्टर) अडवला, तेव्हा गुण उणावला. म्हणजे गोळी एकटी काम करत नव्हती. मेंदूतलंच काहीतरी तिला हात देत होतं. तीन आठवड्यांचं पूर्ण कोडं यातून सुटत नाही. पण मेंदूत एकाहून जास्त पाट वाहतात, हे मला तिथे कळलं.

त्याच वर्षी त्यांचा दुसरा निबंध 'न्यूरोसायकोफार्माकॉलॉजी'त आला. तो कार्ट नावाच्या पेप्टाइडावर होता. त्यात कंद काढलेल्या उंदरांबरोबर पिंजऱ्यात एकटे वाढवलेले उंदीरही होते. नुसत्या एकटेपणाने त्यांच्यात नैराश्यासारखी लक्षणं आली होती, आणि कार्ट दिल्यावर ती कमी झाली. उंदराचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ते वाचताना डोळ्यांपुढे उंबऱ्यात सूप घेऊन बसलेली आत्या आली आणि मला पुढचं दिसेना.

सुभेदार सर पुढे पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत आले. आमच्या गावापासून तासा-दीड तासाची वाट. मी त्यांना कधी भेटलो नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात उंदरांच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या त्यांच्या विद्यार्थ्यांना वरवंड माहीतही नसेल. तरी त्यांचं ऋण माझ्यावर आहे. माझ्या घरात जे घडलं, त्यातलं थोडं त्यांनी मला समजेल असं करून दिलं. आणि त्या पिंजऱ्यातल्या मुक्या जिवांचं ऋण तर कुणालाच फिटायचं नाही.

दादा त्यानंतर बावीस वर्षं जगले आणि शेवटच्या उसापर्यंत दारं धरत राहिले. आत्या त्यांच्या आधी गेली. तिची चंची माझ्या दुकानाच्या गल्ल्यात आहे.

आता कुणी नैराश्याच्या औषधाची चिठ्ठी घेऊन काउंटरशी उभं राहिलं की गोळ्या देताना मी सोबतच्या माणसाला बाजूला घेतो. लगेच गुण दिसला नाही म्हणून बंद करू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. गोळ्या तुमच्याकडे ठेवा. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेलिमानस या मदतवाहिनीच्या 14416 वर फोन करा, मराठीत बोलतात. आणि त्यांना एकटं सोडू नका.