पुढे विचारा

निवृत्तीनंतर लोक काशीला जातात. मी कॉम्प्युटर शिकायला विद्यापीठात गेलो. पहिल्या कोर्सात पास झालो आणि आळीभर पेढे वाटले. तिथेच थांबायचं, तर पेढे खाणारे विचारू लागले, "आता पुढे काय?" झालं! दुसऱ्या कोर्सात नाव घातलं.

पहिल्या कोर्सात यंत्राकडून हिशेब करून घ्यायचे असतात. दुसऱ्यात ती माहिती ठेवायची कशी, हा प्रश्न. 'स्टॅक' म्हणजे पंगतीच्या ताटांची चळत. शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं. 'क्यू' म्हणजे आमच्या बँकेतली रांग. आधी आला तो आधी सुटला. (निदान नियम तसा होता!) इथवर मी मान डोलावत होतो. सर मला 'सर' म्हणत, मी त्यांना 'सर' म्हणे. कोण कोणाला शिकवतोय, हे वर्गाला कळत नसे.

मग आली 'लिंक्ड लिस्ट'. ही थेट सदाशिव पेठ! पूर्ण पत्ता कुणीच सांगत नाही, जो तो बोट दाखवून म्हणतो, "पुढे विचारा." शेवटचा म्हणतो, 'नल'. म्हणजे पुढे कोणी नाही. दमयंतीला रानात सोडणारा तो हाच असावा. कारण त्याच्यावर विसंबून पाऊल टाकलं, की प्रोग्रॅम आडवा. 1965 साली हा नल आणणाऱ्या टोनी होअर यांनीच 2009 मध्ये त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. माझी चूक तेवढी महाग नव्हती.

परीक्षेत 40 नावांच्या यादीत तिसऱ्यानंतर एक नाव घुसवायचं होतं. मी तिसऱ्याचं बोट नव्याकडे वळवलं. नव्याला विचारलं, तर तो म्हणाला, 'नल'! उरलेली 37 माणसं यंत्रातच कुठेतरी बसलेली, पण त्यांचा पत्ता कुणाकडेच नाही. मला 20 पैकी 3.

शेजारच्या मुलीने वहीत चौकोन काढून समजावलं, "आजोबा, आधी नव्याच्या हाती पुढचा पत्ता द्यायचा. मगच जुना हात सोडवायचा."

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. निवृत्तीच्या दिवशी मी तरी काय केलं होतं? हार घालून घेतला, नारळ घेतला, बँकेचा हात सोडला. पुढचा पत्ता घ्यायचा राहूनच गेला. मग वर्षभर त्या 37 जणांसारखा घरात बसून होतो. होतो जागेवरच, पण कुणाच्या यादीत नव्हतो.

"कोर्स सोडतो," मी हिला म्हणालो.

"सोडा की," ही म्हणाली. "पण उद्या सकाळी 10 वाजता कुठे जाणार, ते आधी सांगा."

पहिला कोर्सही न करता ही बाई दुसरा पास झालेली! मी मुकाट्याने वही उघडली आणि चौकोन काढायला बसलो.