अंथरूण पाहून व्हिएतनाम

अप्रेझलचं लेटर मेलमध्ये येऊन पडलं, की तासाभरात ऑफिसातल्या कुठल्यातरी क्युबिकलमधून प्रश्न येतोच, ‘काय मग, यंदा फॉरेन?’ त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्नही येतो, पण तो मोठ्यानं कुणी विचारत नाही. किती लागतील? एक कलीग छातीठोकपणे सांगतो, ‘पन्नास हजारांत व्हिएतनाम करून आलो.’ दुसरा म्हणतो, ‘माणशी दीड लाख धरून चाल.’ गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. फक्त दोघांची अंथरुणं वेगळी असतात.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपण शाळेत पाठ केली. पण परदेशातल्या सुट्टीत अंथरूणही आपणच निवडायचं असतं, आणि खरी डोकेदुखी तिथेच सुरू होते. त्यातून बरोबर मित्रमंडळी असतील तर विचारूच नका. आमचंच बघा ना. आम्ही तिघी कॉलेजच्या मैत्रिणी. तेव्हा तिघींचं बजेट एकच, एक वडापाव आणि दोन कटिंग तिघींत. आता एक आयटीत आहे, एक शाळेत शिकवते आणि मी फ्रीलान्सर, म्हणजे लेख छापून आल्यावर मानधनाची वाट बघण्यात निम्मा महिना घालवणारी. आयटीवालीचा एका महिन्याचा पगार म्हणजे शाळावालीचे चार महिने. आठ दिवस, सात रात्री, हनोई ते होइ आन आणि परत, एवढं ठरायला आम्हांला दहा मिनिटं लागली. कुठल्या अंथरुणावर झोपायचं, हे ठरायला तीन रविवार.

शून्यांशी दोस्ती

व्हिएतनामचं चलन डाँग. एक रुपया म्हणजे ढोबळ मानानं तीनशे डाँग. त्यामुळे उतरल्या उतरल्या तुम्ही लखपती होता आणि पहिल्या टॅक्सीत तीन लाख उडवता. घाबरू नका. फंडा सोपा आहे. शेवटची तीन शून्यं खोडायची आणि उरलेल्या आकड्याला साडेतीननं गुणायचं. साठ हजारांचा फोचा वाडगा म्हणजे साधारण दोनशे दहा रुपये. एकच काळजी घ्या. वीस हजारांची नोट निळसर आणि पाच लाखांचीही निळसर. घाईत एकीच्या जागी दुसरी गेली, तर तो नारळ आयुष्यभर लक्षात राहील.

कुणालाच न चुकणारा खर्च

तुम्ही कुठेही झोपा, काही खर्च सगळ्यांना सारखेच. मुंबईहून हनोईला थेट विमानं आहेत. आमचं जाऊन-येऊन तिकीट माणशी चोवीस हजारांना पडलं. मात्र स्वस्त तिकिटात चेक-इनची बॅग आणि जेवण धरलंय का, हे पाहूनच आनंद साजरा करा. एका प्रवेशाच्या ई-व्हिसाची सरकारी फी पंचवीस डॉलर. अर्ज सरकारी साइटवरच करा, कारण हुबेहूब दिसणाऱ्या एजंटांच्या साइट दुप्पट पैसे मागतात. त्यात प्रवास विमा धरला, की घरातून पाऊल टाकण्याआधीच साडेसत्तावीस हजार गेले.

तारखाही पैसे खातात. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी तिथलं नववर्ष ‘तेत’ येतं. तेव्हा भाडी वाढतात आणि निम्मी दुकानं बंद. 30 एप्रिल आणि 1 मे या राष्ट्रीय सुट्ट्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य व्हिएतनामात धो धो पाऊस पडतो, होइ आनच्या रस्त्यांवर होड्या चालवायची वेळ येते. त्यामुळे आमच्यासारखी दिवाळीची सुट्टी डोळ्यांसमोर असेल, तर फेरविचार करा. शाळावालीला मे सोयीचा होता, म्हणून आम्ही मेचा दुसरा आठवडा गाठला. घाम निघाला, पण खिसा वाचला.

सतरंजी, गादी, पलंग

आता मुख्य मुद्दा. आम्ही वहीत तीन रकाने आखले.

सतरंजी: हॉस्टेलच्या डॉर्ममधला बेड, रात्रीला साताठशे रुपये. फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिक स्टुलावर जेवण. विमानतळावरून गावात यायला 86 नंबरची बस, पन्नास हजार डाँगच्या आत. रात्रीच्या ट्रेनमध्ये हार्ड बर्थ. हा लाँग बेची दिवसभराची सहल. विमान, व्हिसा धरून माणशी साधारण छप्पन्न हजार.

गादी: जुन्या हनोईतलं छोटं, स्वच्छ हॉटेल, डबल रूम वाटून माणशी दीड हजार. एक वेळ फुटपाथ, एक वेळ एसी रेस्टॉरंट. ग्रॅबची टॅक्सी. ट्रेनमध्ये सॉफ्ट बर्थ. एकूण त्र्याहत्तर हजार.

पलंग: पंचतारांकित हॉटेल, माणशी नऊ हजार रात्रीला. ट्रेनऐवजी विमान, स्वतःची गाडी आणि गाइड, हा लाँग बेवर क्रूझमध्ये रात्रीचा मुक्काम. एकूण दीड लाखाच्या वर.

हे रकाने समोर ठेवून बघितलं आणि एक गोष्ट लख्ख दिसली. सतरंजीवरून गादीवर जायला सतरा हजार लागतात. गादीवरून पलंगावर जायला ऐंशी हजार. मग या पैशांत नेमकं येतं काय?

पैसे काय विकत घेतात?

पहिले सतरा हजार झोप विकत घेतात. बारा जणांच्या डॉर्ममध्ये पहाटे चारला कुणाचा तरी अलार्म वाजतोच, आणि तो त्याला सोडून सगळ्यांना ऐकू येतो. ट्रेनचंही तसंच. हार्ड बर्थच्या खोलीत सहा जण, तीन मजले. आपल्या थ्री एसीचीच सख्खी बहीण, गादी पातळ आणि सगळ्यात वर ताठ बसता येत नाही. सॉफ्ट बर्थमध्ये चौघंच आणि गादी जाड. हनोईहून रात्री निघालेली गाडी दा नांगला पोचायला सोळा-सतरा तास घेते, त्यामुळे फरकाचे हजारभर रुपये पाठीला कळतात. पण दुसऱ्या दिवशी हुए सोडल्यावर गाडी हाय वान घाटात शिरते, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली थेट समुद्र, तेव्हा सहाच्या खोलीतले आणि चौघांच्या खोलीतले सगळे एकाच पॅसेजमध्ये खिडकीला नाक लावून उभे असतात. समुद्राला क्लास नाही.

पुढचे ऐंशी हजार मात्र शांतता आणि वेळ विकत घेतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. आईवडिलांना नेणार असाल, गुडघे दुखत असतील किंवा वर्षात पाचच सुट्ट्या मिळत असतील, तर विमान आणि गाडी घ्याच. पण या ऐंशी हजारांत चव वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका. 2016 साली बराक ओबामा आणि शेफ अँथनी बोर्डेन हनोईतल्या एका साध्या खानावळीत प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून ‘बुन चा’ जेवले. दोघांचं बिल सहा डॉलर. ते टेबल आता काचेत ठेवलंय.

एग कॉफीची गोष्ट तर याहून भारी. हनोईचं मेट्रोपोल हॉटेल 1901 सालचं, शहरातलं सगळ्यात झोकदार. तिथे काम करणाऱ्या न्गुएन वान जांग यांनी 1940च्या दशकात, दुधाची टंचाई असताना, अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला. पुढे त्यांनी स्वतःचं कॅफे काढलं. आज एका बोळातून आत शिरून, त्या ‘कॅफे जांग’च्या बुटक्या स्टुलावर बसून सव्वाशे-दीडशे रुपयांत ती कॉफी पिता येते. चव? कॉफीत बुडवलेलं कस्टर्ड समजा. पलंगाचा पदार्थ, सतरंजीच्या भावात.

शाकाहारी मंडळींनो, तुमच्यासाठी एकच शब्द: ‘चाय’. चहा नव्हे! तिकडे ‘चाय’ म्हणजे शाकाहारी. पाटीवर हा शब्द असेल तिथे निर्धास्त शिरा, एरवी साध्या भाजीतही फिश सॉस असतो. बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्यामुळे अशी ठिकाणं बऱ्यापैकी सापडतात आणि स्वस्तही असतात.

‘त्यात काय!’

आमचं घोडं अडलं ते हा लाँग बेवर. निळ्या-हिरव्या पाण्यातून वर आलेले चुनखडीचे हजारोंच्या घरातले सुळके, 1994 पासून युनेस्कोच्या यादीत. दिवसाची सहल साडेचार-पाच हजारांत, क्रूझवरचा मुक्काम सोळा हजारांच्या आसपास. आयटीवालीचं ते कॉलेजपासूनचं स्वप्न. शाळावाली म्हणाली, ‘मी दिवसाची करते.’

‘अगं, तुझे मी भरते ना, त्यात काय!’

‘त्यात काय’ या दोन शब्दांनंतर टेबलावर जी शांतता पसरली, ती अजून आठवते. मग शाळावाली म्हणाली, ‘परतीच्या विमानात मला तुझी मैत्रीण म्हणून बसायचंय, तुझी पाहुणी म्हणून नाही.’

ती चिडली नव्हती. पण आयटीवालीचा चेहरा उतरला, कारण तिनं मनापासूनच म्हटलं होतं. मी दोघींच्या मध्ये वही घेऊन बसले होते. त्या दिवशी वहीत एक नियम लिहिला, आणि माझ्या मते या सगळ्या लेखात कामाचं काही असेल तर तो हा नियम. ग्रुपचा समान खर्च ज्याचा खिसा सगळ्यात लहान, त्याच्या सोयीनं ठरवायचा. त्याच्या वर ज्याला जे हवं, ते त्यानं स्वतःच्या पैशानं करायचं. बाकीच्यांनी टोमणे मारायचे नाहीत आणि त्यानं आग्रह करायचा नाही.

तसंच केलं. हॉटेल तिघींचं गादीचं, ट्रेन सॉफ्ट बर्थ, आणि समान खर्चातला हा लाँग बे दिवसाचा. आयटीवाली फरक भरून एक रात्र एकटीच क्रूझवर गेली. आम्ही दोघी दिवसाच्या बोटीत. तीच बेटं, तीच गुहा, फक्त गर्दीत आणि घड्याळाकडे बघत. दुसऱ्या दिवशी ती आली ती एकदम टवटवीत. ‘सकाळी डेकवर दोन तास कुणाशी बोलले नाही. वर्षभरात पहिल्यांदा,’ म्हणाली. शाळावालीनं तिचे सगळे फोटो निवांत पाहिले, झूम करून करून. तेवढ्यात आमचे समोसेवजा स्प्रिंग रोल आले.

बुकिंगआधी एवढं करा

- क्रेडिट कार्डाचा फॉरेक्स मार्क-अप किती, हे बँकेला विचारा. अनेक कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो. मशिननं ‘रुपयांत की डाँगमध्ये’ विचारलं, तर डोळे मिटून डाँग.
- पॅकेज टूर घेतली, तर कंपनी टीसीएसही घेते. तो पुढे आयकरात वळता होतो, पण त्या महिन्यात खात्यातून जातोच.
- एकूण बजेटच्या दहा टक्के रक्कम ‘कशासाठी?’ न विचारता बाजूला ठेवा. होइ आनचे शिंपी दिवसभरात ड्रेस शिवून देतात, आणि ‘फक्त बघायला’ गेलेली एकही बाई रिकाम्या हातानं परतताना मी पाहिलेली नाही.
- सुट्टी संपल्यावर किती महिने हप्ते भरायचेत? उत्तर तीनपेक्षा जास्त असेल, तर एक रकाना खाली उतरा.
- आणि ग्रुप असेल, तर तिकीट काढायच्या आधी प्रत्येकानं आपला आकडा चिठ्ठीवर लिहायचा, नाव न घालता. सगळ्यात लहान आकडा कुणाचा, हे शोधायचं नाही. फक्त तिथून सुरुवात करायची.