कळ्या ने, पोरी

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. तिथल्या बाजारात फुलवाल्या आजी बसायच्या. समोर ओलं गोणपाट, त्यावर झेंडू, शेवंती, गुलछडी. संकष्टीला रांजणगावच्या महागणपतीला निघालेल्यांसाठी दूर्वांच्या जुड्या. मोगरा मात्र मांडीजवळ, ओल्या फडक्याखाली. कुणी उमललेली फुलं मागितली की म्हणायच्या, "कळ्या ने, पोरी. सांजच्याला केसात उमलतील."

दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं. दोन कळ्या अशा, दोन तशा, देठाला देठ. त्यावर दोऱ्याचा वेढा, गाठ आणि हलकीशी ओढ. गाठ सैल राहिली तर कळ्या निसटतात, जास्त आवळली तर देठ तुटतात. आजी बोलायच्या आपल्याशी, बोटं त्यांचं काम करत राहायची. हा हात त्यांना माहेरी, दौंडला लाभला. त्या काळी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला जोडत, त्यामुळे गाडी बराच वेळ उभी राही. तेवढ्यात त्यांची आई डब्याडब्याच्या खिडकीशी गजरे विके. मागं परकर धरून ही पोर, दोन्ही वेण्यांत अबोली माळलेली.

गावातलं बरंवाईट त्यांच्या पाटीला आधी कळायचं. साखरपुडा, बारसं, डोहाळजेवण. मयताच्या हाराचे पैसे त्या दिवशी घेत नसत. "दहावा होऊ दे आधी," म्हणायच्या. अशी मोठ्या मनाची माणसं बाजारात थोडी असतात.

पण त्यांचा अंबाडा कायम मोकळा असायचा. ऐन तिशीत नवरा गेला आणि फुलं सुटली, ती सुटलीच. उभ्या घोडनदीच्या लेकीसुनांची डोकी सजवली, स्वतः एक कळीही माळली नाही. एकदा मी गजरा त्यांच्या केसांपाशी नेला, तर त्यांनी तो झटकन धरला. "मला नगं. लोकं काय म्हणतील?" रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. हाताला मोगऱ्याचा वास मुरलेली म्हातारी बाई एका गजऱ्याला घाबरते, हे मला अजून सहन होत नाही.

जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं गोऱ्ह्यांचं. पेशव्यांना फुलं पुरवण्याच्या धंद्यावरून त्यांना फुले हे नाव पडलं. त्याच जोतीराव-सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात आपल्या घरी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, मे 2022 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ठराव कागदावरून माजघरात पोचायला वेळ लागतो, हे खरं. तरी तो झाला याचा मला फार आनंद झाला. आजी तोवर गेल्या होत्या.

आता पाटीवर नातसून बसते. कपाळ मोकळं असलेली बाई आली आणि "देवाला हवाय" म्हणाली, की ती एक गजरा पुडीत बांधते आणि दुसरा तिच्या हातात देते. म्हणते, "हा तुमचा, मावशी." काही जणी परत करतात. काही जणी पदराआड धरून घेऊन जातात.