जुन्या यंत्राची डागडुजी

जुने घर पाडावे की त्याची डागडुजी करावी, हा प्रश्न गेल्या तीस-चाळीस वर्षांत आमच्या वसईतल्या बहुतेक कुटुंबांना कधी ना कधी पडला आहे. ज्यांनी आधी माळ्यावर चढून वाशांना हात लावून पाहिला, कोणता वासा वाळवीने पोखरला आहे आणि कोणता अजून एक पिढी टिकेल हे पारखले, त्यांचे पैसेही वाचले आणि घरही राहिले. संगणकाच्या बाबतीत मात्र हा विवेक आपल्याला सुचत नाही. तो मंदावला की तो म्हातारा झाला आणि म्हातारा झाला की भंगारात गेला, असेच आपण गृहीत धरतो. त्याचे झाकण काढून आत पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

माझ्या धाकट्या भाच्याचा संगणक असाच भंगाराच्या वाटेवर होता. माझ्या मेहुण्यांनी २०१७ साली तो आपल्या कार्यालयाच्या लिलावातून आणला होता. २०२१ साली ते गेले. दोन वर्षांनी थोरला भाचा नोकरीसाठी दुबईला गेला. घरी राहिली बहीण, तिचे शिवणयंत्र आणि कनिष्ठ महाविद्यालयात शिकणारा धाकटा. थोरल्याचा फोन दररोज येई. पण दोघा भावांचे बोलणे 'जेवलास का', 'आईची गोळी आणली का' यापुढे सरकत नसे. वडील गेल्यावर थोरला अचानक कर्ता झाला होता आणि कर्त्या माणसाशी धाकट्याने काय बोलावे, हे दोघांनाही उमगत नव्हते.

२०२४ च्या मे महिन्यात धाकटा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, दादाला तिकडे संध्याकाळी करमत नाही. आम्ही पूर्वी एकत्र खेळायचो, तसे आता इंटरनेटवरून खेळता येईल. पण बाबांच्या संगणकावर तो खेळ चालतच नाही."

"मग दादाकडे नव्यासाठी पैसे का मागत नाहीस?"

"त्याच्या डोक्यावर एजंटाचे कर्ज आहे अजून. मी मागणार नाही. सुट्टीत काम करून बारा हजार जमवले आहेत. तेवढ्यात काय होईल ते सांगा."

आयटीआयमध्ये वीजतंत्री शिकवण्यात माझी उमेद गेली. संगणकीय खेळांत मला गम्य नाही, परंतु बारा हजारांत काय होईल हा हिशेबाचा आणि विजेचा प्रश्न होता. मुलाने कर्त्या भावाच्या खिशाचा विचार केला होता. त्या विचाराला उत्तर देणे मला भाग होते.

खेळ होता रॉकेट लीग. २०१५ साली निघालेला आणि २०२० पासून विनामूल्य मिळणारा. यात माणसांऐवजी मोटारी फुटबॉल खेळतात. ज्या भावांनी चर्चच्या मैदानावर एकाच संघातून फुटबॉल खेळला, त्यांनी हाच खेळ निवडावा यात नवल नव्हते.

आम्ही झाकण काढले. आत दहा वर्षांची धूळ नमद्यासारखी बसली होती. ती ब्रशाने झाडून काढल्यावर एकेका भागाची पारख सुरू झाली. मुख्य प्रोसेसर इंटेलचा कोअर आय५-४५७० होता. २०१३ सालचा, चार गाभ्यांचा. असल्या खेळाला तो अजून पुरेसा होता. हा वासा शाबूत होता. वाळवी लागली होती ती दुसरीकडे.

पहिला दोष हार्ड डिस्कचा. तिची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे हवी ती नोंद वाचकटोकाखाली येण्यासाठी सरासरी चार मिलिसेकंद वाट पाहावी लागते आणि ते टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ त्याहून निराळा. यंत्र सुरू होताना अशा हजारो नोंदी वाचाव्या लागतात. एसएसडीमध्ये काहीच फिरत नसल्यामुळे ही प्रतीक्षा जवळजवळ संपते. जुना संगणक 'हळू' वाटतो तो बहुधा याच एका भागामुळे.

दुसरा दोष मेमरीचा. ४ जीबीची एकच पट्टी होती. दोन खाचा एकाच वेळी भरल्या तर प्रोसेसर दोन्ही वाटांनी माहिती घेतो आणि वेग दुप्पट होतो. डीडीआर३-१६०० जातीच्या एका पट्टीचा वेग सेकंदाला १२.८ जीबी, तर जोडीचा २५.६. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घेणे शहाणपणाचे. पट्टी डीडीआर३ चीच हवी. पुढच्या पिढीच्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही.

तिसरी आणि मोठी उणीव ग्राफिक्स कार्डाची. चित्रे रेखाटण्याचे कामही तो प्रोसेसरच करीत होता. इथे माझा विजेचा विषय आला. कार्यालयासाठी घडवलेल्या त्या यंत्राचा पॉवर सप्लाय अवघा २९० वॅटचा होता आणि त्यातून कार्डासाठी वेगळी तार निघत नव्हती. अशा वेळी कार्डाला मदरबोर्डाच्या खाचेतून मिळेल तेवढ्याच विजेवर भागवावे लागते आणि ती खाच जास्तीत जास्त ७५ वॅट देते. २०१९ साली आलेल्या जीटीएक्स १६५० या कार्डाची गरज नेमकी तेवढीच आहे आणि त्याच्या काही आवृत्त्यांना वेगळी तार लागत नाही. प्रोसेसरचे ८४ वॅट, कार्डाचे ७५ आणि बाकीच्यांचे चाळीस-पन्नास धरले तरी बेरीज सव्वादोनशेच्या आत राहते. पट्टी घेऊन मी आतली जागा मोजली. एक पंख्याचे आखूड कार्ड बसणार होते.

शनिवारी आम्ही मुंबई सेंट्रलला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे हे नाव, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे लिहिलेले असले तरी गिऱ्हाईक आणि दुकानदार जुनेच नाव घेतात. पहिल्याच दुकानात रंगीत दिव्यांनी लखलखणारा पंचावन्न हजारांचा नवा संगणक आमच्यापुढे मांडण्यात आला. दुसऱ्या दुकानदाराने आठ हजारांत कितीतरी अधिक ताकदीचे, दोन पंख्यांचे वापरलेले कार्ड काढले. "पॉवर सप्लाय बदला, हजार रुपयांत स्वस्तातला देतो," असेही त्याने सुचवले. भाच्याचे डोळे चमकले.

मी त्याला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि तोवर रात्रंदिवस ते चलन 'खणणारी' असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांतली सगळीच वाईट नसतात, पण आठ हजारांच्या वस्तूचे पूर्वायुष्य विचारलेच पाहिजे. आणि पॉवर सप्लाय ही काटकसरीची जागा नव्हे. घराच्या वायरिंगमध्ये हलकी तार टाकणारा माणूस जे वाचवतो, ते तो एके दिवशी धुराच्या रूपाने परत देतो. पोरगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आपल्याला गोल करायचा आहे, मैदान सजवायचे नाही." हे वाक्य माझ्या मनात राहिले आहे.

तिसऱ्या दुकानात जीटीएक्स १६५० मिळाले. आम्ही ते दुकानातच अर्धा तास चालवून पाहिले, पंख्याचा आवाज ऐकला, तापमान पाहिले आणि मगच पैसे मोजले. हिशेब असा झाला : कार्ड ६,८००, एसएसडी २,६००, मेमरीची वापरलेली जोडी १,६००, प्रोसेसरवर लावायचा उष्णतावाहक लेप २००. घरचा पडदा जुना, व्हीजीए तारेचा. नव्या कार्डाला तसली खाच नसते, म्हणून एचडीएमआयचे व्हीजीएत रूपांतर करणारा जोड ३५०. राउटरपासून खोलीपर्यंत ओढायची तार २५०. एकूण ११,८००. उरलेल्या दोनशेत वडापाव, चहा आणि परतीचे तिकीट.

नवा पडदा घ्यायचा नाही, हे आधीच ठरले होते. त्याचे कारण गणितात आहे. १३६६ गुणिले ७६८ म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके. नव्या पडद्यावर ते वीस लाखांहून अधिक असतात. जुना पडदा कार्डावर निम्माच भार टाकतो. शिवाय तो सेकंदाला ६० चित्रे दाखवतो; कार्डाने दीडशे काढली तरी वरची नव्वद वायाच.

यंत्र जोडण्याआधी मात्र एक काम होते आणि ते बारा हजारांहून मोलाचे होते. जुन्या डिस्कवर मेहुण्यांचे सगळे फोटो होते, घराची कागदपत्रे होती, दोन्ही मुलांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी काढलेल्या चित्रफिती होत्या. डिस्क मधूनच टकटक करू लागली होती. हा आवाज यांत्रिक भाग थकल्याचा असतो. त्याकडे दुर्लक्ष केले असते तर त्या माणसाचा आवाजही घरातून गेला असता. १८० जीबीची नक्कल काढायला पूर्ण रात्र लागली. बहीण मधूनमधून उठून पडद्यावरचा आकडा पाहत होती. पहाटे काम पूर्ण झाले तेव्हा तिने एक चित्रफीत लावायला सांगितली. ती आम्ही तिघांनी पाहिली आणि त्यावर कोणी काही बोलले नाही. एक प्रत माझ्याकडे आहे, एक थोरल्याकडे गेली.

दुपारी यंत्र पुन्हा उभे राहिले. प्रोसेसरवरचा वाळून खडू झालेला लेप पुसून नवा लावला, तेव्हा नव्वदीत जाणारे तापमान साठीत आले. जुना संगणक सुरू व्हायला जिथे चार मिनिटे लागत, तिथे आता अर्धे मिनिट पुरले.

त्या रात्री आपल्याकडे साडेनऊ आणि दुबईत आठ वाजता दोघे भाऊ मैदानात उतरले. मुंबई ते दुबई अंतर सुमारे १,९०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन येण्यास किमान १९ मिलिसेकंद. प्रत्यक्षात वळणे, थांबे धरून आम्हाला पन्नासच्या आसपास दिसत होते. ही दरी कोणतेही कार्ड बुजवू शकत नाही. पण डोळ्याची पापणी लवण्यापेक्षा ती लहान आहे आणि दोन भावांना तेवढी पुरते.

पहिला सामना ते हरले. दुसऱ्यात थोरल्याने धाकट्याच्या पासावर गोल केला आणि मग दोघेही काय ओरडत होते ते मला कळले नाही. सामन्यांच्या मधल्या वेळात थोरल्याने सांगितले की, पहिले सहा महिने तो खोलीवर एकटाच जेवत असे. ही गोष्ट त्याने फोनवर कधीच काढली नव्हती. शेजारच्या खोलीत शिवणयंत्राचा आवाज थांबला होता.

खेळांमुळे मुले बिघडतात, ही तक्रार मी पालकांकडून ऐकत आलो आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. बहिणीनेही शनिवार-रविवारची आणि रात्री अकराची मर्यादा घातली आहे व ती पाळली जाते. पण मूल काय खेळते याबरोबर ते कोणाबरोबर खेळते, हेही पालकांनी विचारावे असे मला वाटते.

या यंत्राचे आयुष्य अमर्याद नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ इतक्या जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारत नाही. म्हणून बँकेचे व्यवहार, कागदपत्रे यांपैकी काहीही आता त्यावर होत नाही. ते केवळ खेळाचे यंत्र आहे. थोरल्याचे कर्ज गेल्या वर्षी फिटले. त्याने नवा संगणक पाठवण्याची तयारी दाखवली, तेव्हा धाकट्याने सांगितले, "पैसे पाठवू नकोस. तिकीट काढ आणि नाताळाला ये."