थंडाव्याचे मोल

पाथर्डीच्या उन्हाळ्याशी ज्यांचा परिचय आहे त्यांना थंडाव्याची थोरवी सांगावी लागत नाही. गर्भगिरीचे डोंगर चैत्रातच तापू लागतात. मग माठाला पाझर फुटतो, बाहेरचे पाणी वाफ होऊन उडते आणि आतले निवते. थंडावा फुकट मिळत नाही, त्यासाठी थोडे पाणी खर्ची पडते. ज्या तालुक्याने टँकरची वाट पाहत कितीतरी उन्हाळे काढले, तेथे हा हिशेब पोरासोरांनाही ठाऊक असतो.

मौज अशी की, आज संगणकांच्या महालांतही हाच हिशेब मांडावा लागतो. शेताचा सातबारा, ऊसतोडीला गेलेल्या मुलाने धाडलेले पैसे, नातवाचे छायाचित्र, या साऱ्यांचा वास आता कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये असतो. नवी मुंबईत ऐरोली, महापे, पनवेल येथे अशी केंद्रे उभी आहेत. तेथील यंत्रे जेवढी वीज पितात, तेवढी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. ती काढून टाकण्यास पुन्हा वीज लागते. आणि पुष्कळ ठिकाणी माठाप्रमाणेच पाणीही उडवावे लागते.

यंत्र जितके गार तितके दीर्घायुषी, असा समज फार दिवस रूढ होता. २००७ साली गूगलच्या संशोधकांनी लाखाहून अधिक हार्ड डिस्कांच्या आयुष्याचा ताळेबंद प्रसिद्ध केला. त्यात गारठ्यात राहणाऱ्या डिस्काच अधिक बिघडलेल्या दिसल्या. उष्णतेची बाधा मुख्यतः फार तापलेल्या आणि वय झालेल्या डिस्कांना झालेली आढळली. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातील संशोधनात असे दिसले की, डिस्कांतील काही दोषांना सरासरी उष्णतेपेक्षा तिचे चढउतार अधिक कारण होतात. मला यात नवल वाटत नाही. तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. यंत्रातही निरनिराळे पदार्थ कमीअधिक प्रसरण पावतात, आणि वारंवारच्या ओढाताणीने डाख दिलेले सांधे थकतात.

म्हणून ॲश्रे ही अमेरिकेतील अभियंत्यांची संस्था यंत्रांत शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सियस असावी, अशी शिफारस करते. यावरून थंडावा अनावश्यक ठरतो असे मात्र नाही. जुलै २०२२ मध्ये लंडनचा पारा ४० अंशांवर गेला, तेव्हा गूगल व ओरॅकल यांच्या तेथील केंद्रांतील शीतयंत्रणा हतबल झाली आणि काही यंत्रे बंद ठेवावी लागली. शिवाय हवा फार ऊन ठेवली तर यंत्रांतले पंखेच जोराने फिरून वाचलेली वीज खाऊन टाकतात.

तरीही २५ अंशांत सुखाने नांदणारी यंत्रे केवळ भयापोटी १८ अंशांत कुडकुडत ठेवणे मला उधळपट्टी वाटते. त्या सात अंशांची किंमत विजेच्या बिलात दिसते. पाण्याची किंमत मात्र रिकामी घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला विचारावी.